उडालेला क्रूस

आमचा क्रूस उडाला! खरंच सांगतो, काल गुड फ्रायडेच्या भर दुपारी, टेकडीच्या चढणीवर, सगळ्या गावासमोर उडाला.

दरवर्षी या दिवशी आम्ही सागवानी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेऊन टेकडी चढतो. तो चांगलाच जड आहे. यंदा कुणाचा खांदा दुखायला नको, म्हणून आम्ही थर्माकोलचा केला आणि त्याला लाकडासारखा रंग दिला. एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात मोबाइल, असे मजेत चाललो होतो. वळणावर वारा आला आणि क्रूस करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. सगळे हसले, मीही हसलो.

शेजारची फिलोमिना मावशी मात्र हसली नाही. म्हणाली, "अरे, जड होता तेव्हा आपण त्याला धरायचो आणि तो आपल्याला."

मावशीचं खरंच होतं! क्षमा करायची, पण समोरचा आधी बोलला तर. दान द्यायचं, पण आपलं भागल्यावर. सगळंच थर्माकोलचं करत आणलंय की आम्ही! ‘आपला क्रूस उचल आणि माझ्या मागे ये’ म्हणणाऱ्या येशूनं वाट सोपी आहे, असं कधी म्हटलं होतं?

मी आणि सोबतचे दोघं धावत खाली गेलो आणि चर्चमागच्या खोलीतून जुना क्रूस काढला. चढताना खांदा सोलवटला. वळणावर तोच वारा अंगावर आला. क्रूस हलला नाही, मीही नाही!

आज खांदा ठणकतोय. बायको मलम घेऊन आली. म्हटलं, "आजचा दिवस राहू दे."