वाटीचं माप

बसून करायचा माझा धंदा, आणि मला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. त्या ऑगस्टमध्ये तर दुबईत, अल बर्शाच्या ऑफिसात मी कॉफी मशीनपर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की गालिचा झिजायचाच बाकी होता.

आमची कंपनी इमारतींच्या एसीसाठी कंट्रोलर बनवते. त्यातली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम मी लिहिलेली. जुन्या बोर्डावरून ती स्वस्तातल्या नव्या बोर्डावर आणली, तेव्हा मिलिसेकंद मोजणारा आकडा मी ‘लाँग’ या प्रकारातच राहू दिला. हा लाँग म्हणजे पाककृतीतली वाटी. कुणाच्या घरची, ते कुणी सांगत नाही. जुन्या बोर्डावर ती चौसष्ट बिटांची होती, नव्यावर बत्तीस. मोठी जन्मभर पुरली असती. छोटी चोवीस दिवस आणि वीस तासांत भरते, मग घड्याळ उणे होतं आणि कॉम्प्रेसर आपली वेळ यायची वाट बघत थांबून राहतो. ‘चौसष्ट बिटच’ असं स्पष्ट लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. आळस केला, दुसरं काय.

हे लक्षात आलं एका दुपारी, भलतंच काही शोधताना. बोर्ड तोवर मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात, म्हणजे मजुरांच्या वसाहतीत, लागला होता. तो बसवणारा आमचा टेक्निशियन रत्नागिरीकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याला फोन लावला.

“भाई, पॅनल चालू होऊन किती दिवस झाले?”

“बावीस. का, साहेब?”

दर तीन आठवड्यांनी नुसतं बंद-चालू करायला सांगितलं असतं तर आकडा पुन्हा शून्यावर आला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण “उद्या येतो,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकराला पॅनलसमोर उभं राहून त्याला सगळं सांगितलं. वर स्वतःची बाजूही मांडली. “टेबलावर दोन महिने टेस्ट केला होता, भाई. एकदाही अडकला नाही.”

तो हसला. “साहेब, तुम्ही फ्रायडेला निघताना एकूणएक स्विच ऑफ करून जाता. ऑफिसात फेमस आहे ते.”

घराबाहेर पडताना बटणं बंद, ही वडिलांची शिस्त. दर आठवड्याला माझीच वाटी मी स्वतःच्या हातानं रिकामी करत होतो.

“इथं ऑफ कोण करणार?” तो म्हणाला. “रूम खाली कधी होते? एक उठतो, दुसरा झोपतो. यल्ला, टाका तुमचं अपडेट.”

अपडेटसाठी दोन मिनिटं एसी बंद ठेवावा लागला. घरघर थांबली. मग एक दार उघडलं, दुसरं, आणि बघता बघता सगळा पॅसेज भरला. रात्रपाळी करून झोपलेली माणसं, लुंग्यांवर, डोळे किलकिले करून वरच्या जाळीकडे बघत होती.

“भाईसाब, बंद हो गया क्या?” एकानं विचारलं.

“दो मिनट,” मी म्हणालो.

आत परत कुणीच गेलं नाही. हवा सुरू होईपर्यंत मीही जागचा हललो नाही.