आठव्या पाहुण्याचा ग्लास

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी रिक्षा शिवेवर थांबवली. आमच्या गावाची शीव म्हणजे एक काळा धोंडा, त्यावर आईनाचं झाड, आणि पुढे लगेच डांबरी रस्ता. तिथे गावाचा राखणदार असतो, असं आम्ही मानतो. मानतो म्हणजे काय, कुणी विचारलं तर हसण्यावारी नेतो, पण धोंड्यासमोरून जाताना आवाज खाली करतो. तो गावाभोवती फिरतो, चुकल्यामाकल्याला वाट दाखवतो, आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून दर वर्षी त्याला नवा जोड द्यायचा. जोड, एक कोंबडा आणि काजूच्या दारूची बाटली. हा मान आमच्या घराकडे. बाबा पोस्टमन होते. जन्मात दारूला शिवले नाहीत, पण वर्षातून एकदा ती बाटली टपालाच्या पिशवीत लपवून आणायचे आणि ते सगळ्या बाजाराला ठाऊक असायचं.

बायकांनी त्या धोंड्यापाशी उतरायचं नसतं, म्हणून मी रिक्षातच बसून राहिले. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, भावंड नाही, निरोपाला आलेलं असं बाबांशिवाय कुणी नव्हतं. ते पाठमोरे उभे राहून बाटली ओतत गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाणं एकट्याचं चालत नाही. मागून कुणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागतं. ते काम रिक्षावाल्याने इंजिन चालू ठेवून केलं. मला एवढंच ऐकू आलं, “बा म्हाराजा, माझा चेडू दर्यापार चल्ला हा.” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. पुढचं इंजिनाच्या फटफटीत गेलं. मला गाडी चुकायची धास्ती होती, तेव्हा काय मागितलंत म्हणून मी विचारलंही नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. मी रास अल खैमाला एका टाइल्सच्या फॅक्टरीत क्वालिटी लॅबमध्ये आहे. टाइल्स उकळत्या पाण्यात ठेवायच्या, किती पाणी पितात ते वजन करून बघायचं, तडा जातो का बघायचं. दिवसभर हेच केलं की माणूस कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. लग्न केलं नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. वाईट लोकांनाच जास्त वाटतं.

इथे आल्यापासून एक गंमत मात्र सारखी व्हायची. बिल्डिंगचा वॉचमन लिफ्टचं दार माझ्यामागे क्षणभर धरून ठेवायचा आणि विचारायचा, “मॅडम, साब नहीं आए?” कॅफेटेरियात एक करक चहा सांगितला की दोन यायचे. टॅक्सीवाले मी बसल्यावरही निघायचे नाहीत, दुसऱ्या दाराकडे बघत थांबायचे. मी “यल्ला भैया” म्हटलं की दचकायचे. आखातात एकट्या बाईचा नवरा आसपासच कुठेतरी असणार, असं सगळे धरून चालतात, म्हणून मी ते हसून सोडून दिलं. भीती अशी मला इथे कधीच वाटली नाही. पहाटेच्या शिफ्टला रिकाम्या रस्त्यावरून एकटी चालत गेले आहे. ह्या धीटपणाचं श्रेय मी सगळं स्वतःकडेच घेत आले.

दोन वर्षांपूर्वी बाबा अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून राखणदाराचा मान राहिला तो राहिलाच. आमच्या वाडीत चौदा घरं, त्यातली नऊ बंद. घ्यायला कोणी पुढे झालं नाही. शेजारची आक्का बाबांचं जेवणखाण बघते. पण काठी धरून चालता यायला लागल्यावर त्यांनी नवीनच खूळ काढलं. संध्याकाळ झाली की घरातून निघायचे आणि शिवेवर जाऊन बसायचे. आक्काच्या यजमानांनी त्यांना किती वेळा हाताला धरून परत आणलं असेल. का जाता म्हणून विचारलं तर एकच उत्तर, “कोणतरी व्हया मा थय.” तिथे कुणीतरी हवं, एवढंच. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आणखी एकदा पडले तर उठायचे नाहीत. मी त्यांच्या व्हिसाचे कागद जमवले, ते येईनात. व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्यावर ओरडायचे, आणि ते फोन आढ्याकडे वळवून ठेवायचे. मला वाटायचं, म्हातारपणी डोकं फिरलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या डिझाइन डिपार्टमेंटला एलेनी म्हणून एक ग्रीक बाई आहे. ती टाइलवर संगमरवराच्या खोट्या रेषा काढते आणि त्या उकळत्या पाण्यात टिकत नाहीत असं मी तिला सांगते, त्यामुळे आमची मैत्री भांडणातून झाली. तिचे वडील त्यांच्या बेटावरून महिनाभर राहायला आले होते. द्राक्षाचे मळे, वाइन करण्यात जन्म गेलेला. शनिवारी दुपारी घरी ये म्हणाली, बाबा वाइन टेस्टिंग घेणार आहेत, अगदी रीतसर. ती वडिलांना बाबाच म्हणते. त्यांच्या भाषेतही तोच शब्द आहे. मी म्हटलं मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली नाक असलं की पुरे.

समुद्राकाठचा जुना व्हिला, फाटकाबाहेर लगेच वाळू. मी माझी गाडी फाटकाशी लावली आणि आत गेले. व्हरांड्यात लांब टेबल मांडलं होतं, त्यावर ऑलिव्ह, चीज, काकडीच्या फोडी. आम्ही पाहुणे सातजण, सगळे फॅक्टरीतलेच. एलेनीने आधीच कानात सांगितलं की तिच्या बाबांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. समोरचा चेहरा दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. तेव्हा ते तुमच्या खांद्याकडे बघत बोलले तर मनाला लावून घेऊ नका.

म्हातारे ग्रीकमध्ये बोलत, एलेनी इंग्लिशमध्ये सांगत होती. प्रत्येक बाटली उघडली की पहिली धार ते उंबऱ्याजवळच्या एका मातीच्या वाडग्यात ओतायचे. कुणीतरी कारण विचारलं. जे येऊन गेले त्यांच्यासाठी, असं उत्तर आलं. बाटली वाकवायची त्यांची पद्धत बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण असा मनगटातून हात वळवून ओतणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला होता. पण मी लॅबवाली. वाइनकडे लक्ष दिलं.

पहिली पांढरी. त्यांच्या बेटावर वारा इतका की वेली उभ्या वाढवतच नाहीत. जमिनीवर टोपलीसारख्या वळवतात आणि द्राक्षं टोपलीच्या पोटात धरतात. ग्लास हलवा, वास घ्या, घोट तोंडात फिरवा, नको असेल तर थुंका, आणि काय आठवलं ते सांगा. चूक काही नसतं. कुणी हिरवं सफरचंद म्हणालं, कुणी लिंबू. मी म्हटलं, मीठ लावलेली बिंबलं. मग बिंबलं म्हणजे काय, ते आंबट फळ झाडाच्या बुंध्यालाच कसं लगडतं, हे एलेनीला समजावताना माझ्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं. म्हातारे फार खूश झाले. दुसऱ्या वाइनमध्ये पाइनच्या झाडाची राळ घातलेली होती. तिचा वास नाकात गेला आणि मी एकदम आमच्या खाडीवर, उलथ्या घातलेल्या होडीशी उभी राहिले.

तेव्हाच मला दिसलं की टेबलावर ग्लास आठ आहेत. आठवा माझ्या शेजारी, रिकाम्या खुर्चीसमोर. म्हातारे त्यातही वाइन ओतत होते. त्यांचा स्वतःचा ग्लास त्यांच्या हातात होता, एलेनीचा तिच्या.

तिसरी बाटली उघडण्याआधी ते एलेनीशी काहीतरी बोलले. ती “बाबा, खलास”, म्हणजे आता पुरे, म्हणाली. ते ऐकेनात. ती ओशाळली. मी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुझ्याबरोबर जे आलेत ते आत का येत नाहीत, असं विचारताहेत.”

मी हसून सांगितलं की मी एकटी आले. म्हाताऱ्यांनी मान हलवली. तुझ्या गाडीच्या दुसऱ्या दारातून उतरले, फाटकाशी थांबले, दोनदा हाताने बोलावलं तरी येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं, पलीकडे उन्हात माझी गाडी आणि वाळू. दुसरं काही नाही.

दिसतात कसे, असं मी विचारलं. माझा आवाज अगदी रिपोर्ट वाचल्यासारखा होता. एलेनीने ऐकून एकेक वाक्य सांगितलं. उंच आहेत. हातात काठी आहे. वाट बघायची सवय असलेला माणूस वाटतो. आणि मग म्हणाली, “पायात काही नाही म्हणतात. वाळूवर इतका वेळ अनवाणी उभे आहेत, म्हणून बाबांना वाईट वाटतंय.”

दोन वर्षं कुणी जोड दिलेला नव्हता.

पण काठी बाबांच्याही हातात असते, आणि माझ्या मनात पहिल्यांदा नको तेच आलं. मी फोन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेले. तिकडे दिवेलागण झाली असेल. आक्काने उचलला. बाबा आजही गेले होते, आत्ताच आणून खाटेवर बसवलंय, चहा घेताहेत. मी तिथेच खांबाला टेकले. मग म्हटलं त्यांना दे. आणि अकरा वर्षांपूर्वी रिक्षातून उतरून विचारायला हवं होतं ते विचारलं: त्या दिवशी माझ्यासाठी काय मागितलंत?

बाबांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “सांगलंय, शिवेर थांबू नको. चेडवाच्या वांगडा जा.”

त्याला माझ्याबरोबर धाडलं होतं. रीत अशी की तो शिवेपर्यंत येतो. बाबांनी रीत मोडून अख्ख्या गावाचा राखणदार एका मुलीच्या मागे लावून दिला होता. मग गावाचं काय, मी विचारलं.

“गावात मी होतंय मा.”

रिटायर झाल्यावर बाबा रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन गावाला फेरी मारायचे. साखरेसाठी चालतात, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. पाय मोडल्यावर फेरी जमेना, म्हणून जाऊन बसायला लागले. डोकं त्यांचं फिरलेलं नव्हतं. नऊ बंद घरं आणि पाच उघडी, एवढ्यांची राखण ते मोडक्या खुब्यावर करत होते, आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. मला फार लाज वाटली. मी म्हटलं त्याला परत बोलावून घ्या. म्हणाले, “तू थय एकटा. रवांदे तेका,” आणि फोन आक्काकडे दिला.

मग मी त्यांना न विचारता केलं. एलेनीकडे तो मातीचा वाडगा मागितला आणि तिला दोन शब्द शिकवले. मी थांबले की म्हणायचे. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. पाहुण्यांपैकी कुणीतरी ऑलिव्हची बी ताटलीत ठेवली तेवढा आवाज झाला. मी फाटकाबाहेर गेले. इथे धोंडा नव्हता आणि उतरू नको म्हणणारंही कुणी नव्हतं. वाडगा वाळूवर ओतला आणि बाबांशीही कित्येक वर्षं न बोललेल्या गावच्या बोलीत सांगितलं:

“बा म्हाराजा, अकरा वर्सां माझ्या वांगडा रवलंस. आता माघारी जा. माझो बापूस एकटो आसा, तेच्या वांगडा रव. तुझ्या वहाणांचो जोड मी देतलंय. माझी काळजी करू नको.”

“व्हय म्हाराजा,” एलेनी मागून म्हणाली. तिच्यामागून तिचे वडीलही काहीसं तसंच पुटपुटले.

वारा सुटला नाही, काही झालं नाही. वाळूने वाइन शोषून घेतली. म्हातारे मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, गेले. कुठल्या बाजूला, मी विचारलं. ते समुद्राकडे दाखवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाठीमागे, डोंगरांकडे बोट केलं. घरी येऊन मी नकाशा उघडला. समुद्र आमच्या पश्चिमेला आहे. माझं गाव त्या डोंगरांपलीकडेच येतं.

परत जाताना गाडीत बसल्याबरोबर मी चारही दारं लॉक केली. असं मी आधी कधी केलं नव्हतं. शेजारची सीट नुसती सीट होती. वॉचमनने त्या दिवसापासून साहेबांची चौकशी केलेली नाही, आणि का करत नाहीस हे विचारायचा मला धीर झालेला नाही.

वहाणांचे पैसे मी दुसऱ्याच दिवशी आक्काच्या यजमानांना पाठवले. चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, बाहेरदेशीचं बिल येतं म्हणून. हॅलो नाही, कशी आहेस नाही. रागाने आवाज थरथरत होता.

“परत कित्याक धाडलंस तेका?”

पंधरा दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. आक्का सांगते, आता शिवेकडे जात नाहीत, संध्याकाळीच जेवतात आणि गाढ झोपतात. व्हिसाचे कागद मी कपाटात टाकून दिले. ते तिथेच राहणार, मी इथेच.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर आहेत त्यांनी एकदा घरी विचारून बघा, आपण निघालो तेव्हा आपल्यासाठी कुणी काय मागितलं होतं, आणि ते कुणाच्या वाटणीतून आलं. घर म्हणजे मला आता तेच वाटतं. जिथे कुणीतरी आपल्या ताटातलं काढून आपल्याला वाढतं आणि आपण पोट भरून ढेकर देतो.

हल्ली मी दाराची कडी दोनदा बघते. पहाटेच्या शिफ्टला चालत न जाता गाडी काढते. लिफ्टचं दार माझ्यामागे लगेच बंद होतं, आणि मला भीती वाटते. ती वाटते म्हणजे तिकडे बाबांना झोप लागली आहे, असं मी समजते.