गधेगाळाचा खड्डा

माझ्या शेताच्या मधोमध चुन्याची रेघ मारली त्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नाही. गॅसची पाइपलाइन जाणार होती. त्या पट्ट्यावर घर नाही, विहीर नाही, झाडसुद्धा लावायचं नाही. हे शेत सासऱ्यांनी विकलं होतं आणि मी पनवेलच्या बाजारात मासळी विकून ते परत घेतलं होतं. आम्ही कामोठ्यात भाड्याच्या खोलीत राहतो. घर बांधायचं तर याच जागेवर, एवढं एकच मी स्वतःसाठी मागितलं होतं.

लाइनच्या इंजिनियरशी मी तीनदा भांडले. तिसऱ्यांदा तो कंटाळून म्हणाला, “मावशी, देऊळ नाहीतर काहीतरी पुरातन निघालं तरच लाइन बाजूला सरकते. पुढच्या आठवड्यात तपासायला पुरातत्त्वाची माणसं येणारेत.”

समोरच्याच्या तोंडून शेवटचा भाव निसटला की मला बरोबर कळतं. मी तडक बांधाकडे गेले.

शेताच्या बांधावर गधेगाळाचा दगड आडवा पडला होता. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि बाई. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला जुन्या काळी दगडात कोरलेली शिवी. आमच्याकडच्या बायका त्याच्याकडे बघत नाहीत.

सासरे म्हणाले, “मीच काढला तो. नांगराला लागायचा. पयला हितं उबा होता.” त्यांनी काठी टेकवली ती चुन्याच्या रेघेला लागून.

म्हणजे मला खोटंही बोलायचं नव्हतं. दगड त्याच्या जागी परत उभा करायचा, बस. दोन मजूर लावले. काठीच्या जागी कमरेइतकं खणलं. आत धोंडे घट्ट बसवलेले होते, त्यांच्यामध्ये जाड खापऱ्या. पहारीने सगळं उचकटून बाहेर फेकायला लावलं. दगड कलू नये म्हणून खाली चार घमेली सिमेंटचा माल ओतला आणि वरून माती सारली. तपासणीला ताठ दिसला पाहिजे, ही माझी हुशारी.

दोन दिवसांनी ती माणसं आली, इंजिनियरही त्यांच्यासोबत. हातभर अंतर ठेवून ओळीत चालत होती, खापरी दिसली की वाकत होती. त्यांची मुख्य बाई तिशीची असेल. दगड बघून तिचा चेहरा उजळला. मग ती गुडघ्यावर बसली आणि बुडाशी थापीने खरवडू लागली.

“काकू, हा कधी बसवला?”

“सासऱ्यांच्या आज्यापासून आहे.”

“सिमेंटपण त्यांचंच का?”

इंजिनियर हसला. “मावशी, वाळू तरी चाळून घ्यायची.”

मी त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली. खाली वाकून ढेकूळही उचललं होतं, सासऱ्यांनी हात धरला. मग त्यांनीच तिला सगळं सांगितलं. नांगर, बैल, जागा.

तिने शांतपणे ऐकलं. बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्याकडे गेली आणि एकेक धोंडा उलटून पाहू लागली. बराच वेळ. “आजोबा खरं सांगतायत,” ती म्हणाली. “ही दगडाची बैठक होती. दगड बांधावरच असता आणि ही बैठक जमिनीत असती, तर मीच इथे काम थांबवायला लिहिलं असतं.”

“मग लिहा ना. खापऱ्या हायत, धोंडे हायत.”

“ढिगाऱ्यात आहेत, काकू. कुठल्या थरातून आले ते मी आता कशावरून दाखवू?”

“खड्ड्यात परत रचून देते. सिमेंट फोडते आत्ताच्या आत्ता.”

ती मान हलवत राहिली. मी अर्धा पट्टा मागितला. मग चार हात. मग नुसतं ‘संशय आहे’ एवढं लिही म्हटलं. बाजारात मी कुणापुढे हात जोडले नाहीत, तिच्यापुढे जोडले. “पोरी, मला दुसरी जागा नाय.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कागदावर तिने लिहिलं ते एवढंच: दगड अलीकडे हलवलेला, मूळ जागा खणून नष्ट. दगड देवळाच्या आवारात ठेवायचा, लाइन आहे तशीच.

राग कुणावर काढू? इंजिनियरवर काढते, कारण तो समोर असतो.

ते गेल्यावर, उरल्या जागेत घर बसतंय का बघायला, मी टेप घेऊन रेघेच्या डाव्या अंगाची रुंदी मोजली, मग उजव्या अंगाची. टेपचं दुसरं टोक सासऱ्यांच्या हातात होतं.

“किती भरलं?” त्यांनी विचारलं.

“टेप ढिला सोडलात तुमी,” मी म्हटलं. “परत धरा.”