पेटलेला पिवळा पाना

ऑइल बदलून आणलं, तरी गाडीच्या डॅशबोर्डवर सर्व्हिसची आठवण करून देणारा पिवळ्या पान्याचा दिवा पेटलेलाच. काम झालंय हे बिचारीला सांगायला कुणीतरी लागतं. बटण दाबून धरून किल्ली फिरवली, तेव्हा कुठे तो विझला.

“बरं झालं बाई, उगाच जिवाला घोर,” शेजारी बसलेली बायको म्हणाली.

मला हसू आलं. माझं हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली, तरी घराच्या जिन्यावर हिचा प्रश्न ठरलेला, “दम लागला का हो?” हिचा दिवा विझवायचं बटण कुठल्याच डॉक्टरांनी दाखवलं नाही.

आज मात्र घरी पोचल्यावर ती फोनवर बोलत तशीच वर निघाली. मला दम मुळीच लागला नव्हता. तरी कठडा धरून थांबलो, तिनं मागं वळून विचारेपर्यंत.