मंदाच्या मिक्सरमधली बायकांची पट्टी

फोन आला तेव्हा मी देवरीच्या बाजारात टोमॅटोवाल्याशी भांडत होते. कामठ्याहून धाकट्या भावाचा, दिलीपचा फोन. “ताई, मंदा गेली,” एवढंच म्हणाला. मंदा म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला ते पटलं ते त्याच्या शब्दांनी नाही. त्या घरी कधीही फोन करा, मागे कुठला तरी माइक तपासला जात असायचा, नाहीतर ढोलाचा एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजत असायचा. त्या दिवशी मागे काहीच नव्हतं…

तेरवीला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, मंदा किती मनमिळाऊ होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, माझी भावजय मनमिळाऊ नव्हती. ती भांडकुदळ होती, हट्टी होती आणि बरोबर होती. बाई गेली की लोक तिला लगेच मऊ करून टाकतात. मंदाच्या बाबतीत तेवढं मी होऊ देणार नाही.

दिलीपचा मांडव आणि साउंडचा धंदा. नागपुरात एक डान्स क्लब बंद पडला, तिथला जुना मिक्सर त्याने उचलून आणला. वेगवेगळे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणारं ते यंत्र. त्याची गंमत अशी की, प्रत्येक आवाजाची लोखंडी पट्टी वेगळी. दोन स्क्रू सैल केले की पट्टी हातात येते आणि त्या जागी दुसरी बसवता येते. दिलीप ट्रक आणि मजूर यांच्यातच अडकलेला, म्हणून मिक्सर मंदा शिकली. मागच्या खोलीला आतून धानाचं रिकामं बारदान ठोकून तिने स्टुडिओ केला. दुपारचा स्वयंपाक आटोपला की भजनी मंडळं, दंडारीचं लोकनाट्य करणारे तिथे गाणी भरायला यायचे. कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यात तिचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम लटकलेला असे.

आमच्या पोवारांच्या लग्नात प्रत्येक विधीला बायका गातात. हळदीला वेगळं, मांडवाला वेगळं, आणि वरपक्षाला चिडवायची तर कितीतरी. डीजे आला आणि हे सगळं त्याच्याखाली गाडलं गेलं. आम्ही तोंडं हलवायचो, एवढंच. एका हळदीत मंदा माझ्या कानाशी येऊन ओरडली, “ताई, तुमी गाऊन राहिल्या, पण तुमचं तुमाले तरी आयकू येते का?” मी मान हलवली, नाही म्हणून. पुढच्याच लग्नात तिने बायकांसमोर माइक ठेवला. पण नवखी होती. जुन्या तबकडीच्या रेकॉर्डचा आवाज फार बारीक असतो, म्हणून त्याची पट्टी तो कित्येक पटींनी वाढवून पाठवते. हिने माइक नेमका त्याच पट्टीत खुपसला. आमची चुलत आजी गाण्याआधी नुसती खोकली आणि मांडवावर ढग कोसळल्यासारखं झालं. बांधलेल्या शेळ्या दावं तोडून पळाल्या, नवरदेवाचा काका खुर्चीसकट मागे पडला. सगळे मंदाला हसले. तीही हसली, पण माइक उचलला नाही. स्क्रू-ड्रायव्हर काढला, माइकची वेगळी पट्टी बसवली, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं… ‘बायका’.

तेव्हापासून तिचा एकच नियम. बायका गात असतील तोवर दुसरं काही वाजणार नाही. साउंड ठरवायला येणाऱ्याला ती हे आधीच सांगायची. पटत नसेल तर गोंदियात दुसरे साउंडवाले पुष्कळ आहेत, असंही सांगायची. तरी गोंदियाच्या एका वरातीने आमच्या दारात तमाशा केलाच. आम्ही गात होतो आणि नवरदेवाचा मामा मिक्सरपाशी येऊन म्हणाला, “भाभीजी, ये बुढ़ियों का बंद करो, डीजे चलाओ.” पोरांनी टाळ्या पिटल्या. एकाने हात घालून मोबाइलच्या गाण्याचा आवाज वर केला. मंदाने अख्खा मिक्सर बंद केला. मांडव एकदम शांत झाला आणि त्या शांततेत आम्ही आमचं गाणं ऐकलं, माइकविना. आम्ही थांबलो नाही. तेवढ्यात तिने मोबाइलची पट्टी उचकटून काढली, भाजीच्या थैलीत टाकली, मिक्सर परत चालू केला आणि मामाला म्हणाली, “आता चलाव ना, बापू. पट्टी माझ्या थैलीत हाय.”

पुढे नातेवाइकांनी नावं ठेवली. घराची सून डीजेवाली झाली म्हणाले. दिलीपसुद्धा काही दिवस घुम्यासारखा वागला. मंदाने कुणाची समजूत काढली नाही. मला तिचं सगळ्यात जास्त तेच आवडायचं.

तेरवीनंतर मी बारदानाच्या खोलीत बसले होते. दिलीप आला, मिक्सरवरची धूळ पुसत म्हणाला, “ताई, लोक आता आयकत नाही. पोट्टे मनतात, बायकाइचा माइक कायले पायजे? त्या जागी लॅपटॉपची पट्टी लावून देतो.”

“मंदा असती तं हे मनला असता का तू?”

“ते असती तं मनायची हिंमत होती का मले?” असं म्हणून तो रडायला लागला. मीही रडले. रडून झाल्यावर मी मंदाच्या जुडग्यातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, ‘बायका’ लिहिलेली पट्टी काढली आणि माझ्या थैलीत टाकली. त्याला सांगितलं, जागा रिकामी ठेवायची. दुसरं काही तिथे बसवलंस तर बहीण विसर.

पट्टी देवरीला माझ्या स्वयंपाकघरात राहिली, तिखटाच्या डब्याशेजारी. मध्ये त्याचा फोन आला, “ताई, मिक्सरले भोक दिसते. गिऱ्हाईक विचारून राहिले.” मी म्हटलं, “दिसू दे. सांग त्याईले, कोनाची जागा हाय ते.”

गेल्या आठवड्यात कामठ्यालाच आमच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. मी थैली घेऊन थेट मिक्सरपाशी गेले. भोक तसंच होतं. दिलीपने कमरेचा जुडगा काढला… मंदाचाच… पट्टी बसवली, दोन्ही स्क्रू आवळले आणि माइक माझ्या हातात दिला. हळद सुरू झाली होती. डीजे थांबला. मी तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून गाण्याऐवजी हुंदका बाहेर पडला. सगळा मांडव वळून पाहू लागला. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, बंद करो यार!” मी दिलीपकडे पाहिलं.

त्याने बायकांच्या पट्टीचा आवाज आणखी वर केला.