सावळीरामांचं पान

सावळीराम अहिरे यांनी लावलेलं पान म्हणजे पान. नाशिकच्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात त्यांनी आख्खी नोकरी संगणकावर पुस्तकांची पानं लावण्यात घालवली. परिच्छेदाच्या शेवटी एखादा शब्द ओळीत एकटा पडला, की त्यांना घास गोड लागत नसे. "पोरका झाला बिचारा," म्हणत ते त्याला ओढून वरच्या ओळीत बसवायचे. त्यात चहा निवला तर निवला. सगळे हसायचे, पण अवघड पुस्तक आलं की मुकाट्यानं त्यांच्याच टेबलावर आणून ठेवायचे.

अशा माणसाच्या नशिबी आलं डिजिटल प्रकाशन. अभ्यासाची पुस्तकं आता विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर जाणार, छपाई कमी होणार. ते सगळं ज्या प्लॅटफॉर्मवरून व्हायचं, तो शिकवायला कंपनीकडून मनाली गांगुर्डे आली. सातपूरची मुलगी, बोलायला गोड, पण कामात सूट देणारी नव्हे. विभागप्रमुख साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शनिवारी प्रत्येकानं एक धडा स्वतः चढवून दाखवायचा. ज्याला जमणार नाही, त्याची सोय गोदामात करू."

गोदाम काही वाईट जागा नव्हे. पंखा आहे, माणसं चांगली आहेत. पण तिथं पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे असतात. सावळीरामांना गठ्ठा नको होता हो, पुस्तक हवं होतं.

त्यांच्या वाट्याला 'पाणी आणि पिकं' हा धडा आला. मनालीनं बजावलं होतं, "काका, एंटर फक्त परिच्छेद संपला की दाबायचं. मधल्या ओळी आपोआप वळतात." सावळीरामांनी मान हलवली. मान हलवायला काय जातं? प्रत्यक्षात त्या ओळी मन मानेल तिथं वळत होत्या, आणि हे काही त्यांना बघवेना. मग स्वारीनं गुपचूप प्रत्येक ओळ आपल्याला हवी तिथं एंटर मारून तोडली. शीर्षक मधोमध यावं म्हणून स्पेस दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला. पडद्यावर असं देखणं पान उभं राहिलं की दृष्ट काढावी.

कौतुक कुणाला दाखवणार? धाकट्या बहिणीला. सुलाबाई नामपूरला राहते, बाजार समितीत कांदा निवडायला जाते. लेकरांची लग्नं उरकली आणि तिनं याच विद्यापीठात बी. ए.ला नाव घातलं. पण साखरेनं डोळे अधू झालेले. पुस्तकातली बारीक अक्षरं दिसेनात, तशी ती अलीकडं म्हणायला लागली होती, "सोडी देस मी, दादा." सावळीरामांनी तिला त्या धड्याची लिंक पाठवली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

फोन आला. "जय भीम, दादा. हाई काय शे? एक ओळ मोठी, तिना खाले एकच शब्द. परत मोठी, परत एक शब्द. माले काहीच समजत नही."

"अक्षर लहान कर, नीट दिसेल."

"लहान करं ते दिखत नही ना."

सावळीरामांचे कान तापले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हे मनालीला सांगितलं. सांगताना जीव अर्धा झाला होता. ती हसली नाही. तिनं आपल्या फोनवर त्यांचा धडा उघडला आणि अक्षर मोठं केलं. पानाच्या पार चिंध्या झाल्या. ज्या शब्दांना पोरके म्हणून त्यांनी जन्मभर सांभाळलं, ते ओळीओळीला एकटे उभे होते.

"पान छान आहे, काका. पण ते तुमच्याच पडद्यावर बसतं," मनाली म्हणाली. "ओळ कुठं वळवायची ते मावशींच्या फोनला ठरवू द्या."

"मग मी काय करायचं? माझं काम तरी काय उरलं?" हे त्यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

मनाली खुर्ची ओढून बसली. "माझे वडील कारखान्यात लेथ मशीनवर होते. कंपनीत संगणकावर चालणारं मशीन आलं, तेव्हा महिनाभर घरात कुणाशी बोलले नाहीत."

"आणि मग?"

"मग बोलले."

सावळीराम मुकाट्यानं जागेवर गेले आणि एकेक एंटर काढायला लागले. स्वतः विणलेला स्वेटर उसवावा तसं वाटत होतं. पण उसवता उसवता त्यांना दिसलं, की करण्यासारखं बरंच आहे. लांबलचक परिच्छेद कुठं थांबला तर वाचणाऱ्याला दम मिळेल, आकृती कुठल्या वाक्याशेजारी हवी, हे काही फोन ठरवत नव्हता. ते नेहमीसारखे कामात बुडाले आणि चहा पुन्हा निवला.

शनिवारी हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर त्यांचा धडा उघडला. साधासुधा, कुठलीही नटवानटवी नाही. साहेबांनी कपाळाला आठी घातली. "सावळीराम, हे तुमचं? तुमची पानं अशी नसतात."

सावळीरामांनी खिशातून फोन काढला, सुलाबाईला लावला आणि स्पीकर चालू केला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी भाव पुकारतंय. "सुला, धडा उघड. अक्षर तुला हवं तेवढं मोठं कर आणि वाच."

सुलाबाई वाचायला लागली. पहिल्या दोन ओळी अडखळली, मग लागली वाटेला. पिकाला पाणी कधी लागतं, मुळं कुठवर जातात, सगळं सरळ, बिनचूक. एक परिच्छेद झाला तसे सावळीराम म्हणाले, "बस झालं, सुला."

"थांब ना दादा. एवढं वाची लेऊ दे."

साहेबांनी एव्हाना स्वतःचा फोन काढला होता. चष्मा कपाळावर सारून तेही अक्षर मोठं करून बघत होते. "पुढचा धडा तुम्हीच घ्या, सावळीराम," ते म्हणाले आणि खुणेनंच त्यांनी बसायला सांगितलं.

पण सावळीराम बसले नाहीत. फोन कानाला लावून ते व्हरांड्यात आले. डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. तरी मनात एक शंका होतीच, माणसाची जन्माची खोड जाते का कुठं?

"सुला, ओळी बऱ्या दिसत होत्या का गं?"

पलीकडं ट्रॅक्टर थांबला होता, त्यामुळं तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"ओळीसकडे कोन देखस, दादा? वाचामा ध्यान व्हतं मनं."