बियाण्याचं कारलं

यंदा गच्चीवर कोणतं कारलं लावायचं याचा मी जितका विचार केला, तितका लग्नाच्या वेळी बायकोचा केला नव्हता, असं बायकोच म्हणते. जळगावात मेहरूणमधल्या आमच्या घराची गच्ची लहान, मांडव मावतो एकच. माझ्याकडे मात्र बियाण्याच्या दोन पुड्या होत्या. एकीवर हातभर लांब, हिरवंगार कारलं, दुसरीवर पांढरट, जाडजूड. रोज सकाळी मी दोन्ही पुड्या काढायचो, कानाशी हलवून पाहायचो आणि परत ठेवायचो. पाऊस यायला अजून महिना होता. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," बायको म्हणायची.

तिसरं एक कारलं होतं, ते मी हिशोबातच धरत नव्हतो. ते सासूबाईंचं. धुळ्याला त्यांच्या परसात कुंपणावर यायचं. बोटाएवढं, काटेरी, आणि कडू इतकं की पहिल्या घासाला डोळे मिटावेत. दरवर्षी एक फळ त्या वेलावरच पिकू द्यायच्या आणि कुणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मलाही थोडं बी दिलं होतं. तोंडावर मी "हो हो" म्हटलं, मनात म्हटलं, एवढ्याशा कारल्यात मसाला भरायचा कुठे? पुडी घरात कुठेतरी टाकून दिली. गेल्या हिवाळ्यात सासूबाई वारल्या.

माझे सासरे, म्हणजे नाना, एकटे पडले. मे महिन्यात धुळ्याचं घर रिकामं करून त्यांनी आमच्याकडे यायचं ठरलं. सामान आवरायला आम्ही गेलो. काय काय न्यायचं, असं बायकोने विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "माले काही नको. एकच वस्तू शे, ती मी निंघतांना मन्हा हातनी काढसू." आम्हाला वाटलं, सासूबाईंचा फोटो असेल.

दुपारी मदतीला आलेल्या माणसांसाठी वरण-बट्टीचा बेत केला. बट्ट्या भाजायच्या म्हणजे गवऱ्यांचा विस्तव हवा आणि विस्तव म्हटलं की मी पुढे. परसातल्या ढिगातल्या गवऱ्या जरा कमी पडल्या. इकडे तिकडे पाहिलं, तर मागच्या खिडकीच्या वर, पत्र्याच्या सावलीत, भिंतीला एकच गवरी चिकटलेली दिसली. खडखडीत वाळलेली, लहानशा हाताची पाच बोटं तिच्यावर उमटलेली. स्टुलावर चढलो, काढली आणि आरावर ठेवली. थोड्या वेळाने तिच्यातून तडतड आवाज आला. मी मोठ्या थाटात बायकोला म्हटलं, "बघ, कसली पेटलीय!"

जेवणं झाल्यावर नाना हात धुवायला मागे गेले आणि तिथेच थांबले.

"खिडकीवरनी गवरी कोठे गयी?"

मी सांगितलं. ते भिंतीवरच्या गोल डागाकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "ती बियाणनी व्हती. तुमनी सासूनी थापेल व्हती. कारलानं बी."

किडीपासून जपायला बी शेणात कालवून भिंतीवर थापतात, हे खानदेशात लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. बट्टीच्या घाईत आठवलं नाही, एवढंच. मी राख उपसली. बोटं भाजली तरी उपसत राहिलो. हाताला लागली ती बियांची काळी टरफलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नानांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जळगावला परतताना गाडीत मला एकदम सासूबाईंनी दिलेली ती पुडी आठवली. घरात पाऊल टाकलं आणि मी कपाटं उलटीपालटी करायला घेतली. जुनी बिलं, चार्जर, लग्नपत्रिका, सगळं जमिनीवर. तिसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यात बटणांच्या खाली पुडी सापडली. आत तीन बिया! मी असा ओरडलो की बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली. नानांनी बिया डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या, सासूबाईंच्याच म्हणून ओळखल्या. "तिनीच शेत," म्हणाले.

आता निवड सोपी होती, तरी माझी हाव सुटेना. मी म्हटलं, "मांडवाच्या एका कडेला हे लावू, बाकी दोन दुसऱ्या कडेला."

नानांनी मान हलवली. "बठ्ठा वेल एकच मांडववर? मंग बी कोनतं राही? माशी काय जात इचारीसन बसस का?"

जातींची सरमिसळ नको म्हणून दोन्ही पुड्या मी शेजारच्या चाचांना देऊन टाकल्या. चाचा गाद्या भरायचं काम करतात. मोठ्या आनंदाने त्यांनी दोन्ही जातींचं बी स्वतःच्या गच्चीवर लावलं, म्हणजे आमच्या मांडवापासून चार हातांवर. हे लक्षात आलं तोवर त्यांचे वेल कठड्यावर चढले होते. बायको म्हणाली, "कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. तुमची घाई काही जायची नाही."

तीन बियांतली एकच उगवली. तो कोंब मी दिवसातून दहादा बघायचो. वेल चढला, पिवळी फुलं आली, पण सगळी नुसती नर फुलं. पंधरा दिवस मी घरच्यांचा जीव खाल्ला. मग एके संध्याकाळी एका कळीच्या मागे चिमुकलं, खरखरीत कारलं दिसलं. मादी कळी! मी जिन्यातूनच हाका मारायला लागलो.

माशीच्या आधी आपण पोहोचायचं, असं नानांनी सांगितलं. चाचांनी आपल्या वेलाची चूक भरून काढायला कापूस दिला. नानांनी ती कळी आणि शेजारची एक नर कळी, दोन्हींवर कापूस गुंडाळून दोरा बांधला. सकाळी चहाच्याही आधी आम्ही तिघं वर. नानांनी नर फुलाच्या पाकळ्या काढल्या, त्यातला पराग मादी फुलाला अलगद लावला आणि परत कापूस बांधला. मी तर श्वासच रोखून धरला होता.

फळ धरलं! बायकोने आपल्या आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधली. वेलाला पुढे बरीच कारली लागली. ती आम्ही खाल्ली, डोळे मिटून खाल्ली. चिंधीच्या फळाकडे मात्र कुणी बोट केलं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात ते पिवळं झालं, मग केशरी, आणि एका सकाळी खालून उकललं. आत लालचुटूक बिया. गुडघे दुखत असूनही नाना जिना चढून आले. एका बीवरचा लाल गर त्यांनी जिभेवर ठेवला. "गोड शे," म्हणाले आणि हसले. धुळे सोडल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मेहरूण तलावाकडच्या गोठ्यातून मी धावतच शेण आणलं. बिया धुवून, सुकवून नानांनी त्या शेणात कालवल्या. मी भिंतीवरची जागा दाखवायला पुढे झालो, तर म्हणाले, "जवाईबुवा, तुम्हीन जरा दूरच ऱ्हा. आणि आते बट्ट्या गॅसवर करा." आम्ही सगळेच हसलो.

नानांनी गोळा हातात घेतला, भिंतीजवळ नेला आणि थांबले. आपल्या रुंद पंजाकडे पाहिलं. मग बायकोकडे वळून गोळा तिच्यापुढे धरला.

"तू थाप. तुना हात तिनाइतलाच शे."

बायकोने उभ्या जन्मात गवरी थापली नव्हती. तिने बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले.